निक्सनला जावं लागलं, मग रेगन कसा टिकला?

वॉटरगेट प्रकरणात अमेरिकेचा अध्यक्ष निक्सनची खुर्ची गेली पण इराण-कॉन्ट्रा प्रकरणात नंतरचा अध्यक्ष रेगन सुटला, असं का, असं विचारलंय तुम्ही. बरेच जण म्हणतात रेगन लोकांचा लाडका होता म्हणून. मला नाही पटत, निक्सनपण 1972 ला 50 पैकी 49 राज्यं जिंकून आला होता की. खरा फरक पुराव्याचा आहे, निक्सनचा स्वतःचा आवाज टेपवर सापडला.

17 जून 1972 ला वॉटरगेट बिल्डिंगमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या ऑफिसात घुसलेले पाच जण पकडले गेले आणि सहाच दिवसांनी निक्सन आपल्या कार्यालयाचा प्रमुख हाल्डमनला सांगतोय की सीआयएला पुढे करा आणि एफबीआयचा तपास थांबवा, आणि हे रेकॉर्ड केलं त्यानेच बसवलेल्या मशीनने. नंतर त्याने एकेकाचा बळी दिला, एप्रिल 1973 मध्ये हाल्डमन, एर्लिकमन, डीन हे त्याचे जवळचे सहकारी सगळे घरी गेले, ऑक्टोबरमध्ये तर चौकशी करणाऱ्या कॉक्सलाच काढायला लावलं. पण 24 जुलै 1974 ला सुप्रीम कोर्टाने 8-0 ने सांगितलं टेप द्या, मग 9 ऑगस्टला राजीनामा, खेळ खलास.

रेगनने नोव्हेंबर 1986 मध्ये टीव्हीवर छातीठोकपणे सांगितलं की अमेरिकन ओलिसांच्या सुटकेच्या बदल्यात इराणला शस्त्रं दिलेली नाहीत. मग बाहेर आलं की इराणला मिसाइल गेली होती आणि त्यातला पैसा निकाराग्वाच्या कॉन्ट्रा बंडखोरांकडे वळवला होता, ज्यांना लष्करी मदत करायला अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, बंदी घातली होती. जानेवारीच्या भाषणात तो म्हणाला "चुका झाल्या". घरात पोरगं "कप फुटला" म्हणतं ना, "मी फोडला" म्हणत नाही, तसंच. 4 मार्च 1987 चं भाषण मात्र जरूर ऐका. माझं मन अजून सांगतं की तसं नव्हतं पण पुरावे सांगतात की तसंच होतं, असं तो कबूल करतो, पूर्ण जबाबदारी माझी असंही म्हणतो, आणि त्याच दमात माझ्या नकळत जे झालं त्याचा मला राग आहे हेही सांगून टाकतो. म्हणजे जबाबदारी घेतली पण दोष नाही घेतला, आणि लोकांनी ते मान्य केलं याचं मला आजही वाईट वाटतं.

ते चाललं कारण मधे रेगनचा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार पॉइंडेक्स्टर उभा राहिला. त्याने शपथेवर सांगितलं की पैसे वळवल्याचं मी रेगनला मुद्दाम कळवलं नाही. त्याच्या हाताखालच्या नॉर्थने तोवर कागद श्रेडरमध्ये घातले होते. दोघंही कोर्टात दोषी ठरले, पण काँग्रेसपुढची साक्ष त्यांच्याविरुद्ध वापरायची नाही या अटीवर दिलेली असल्याने अपिलात सुटले. उरला माजी संरक्षणमंत्री वाइनबर्गर, तर त्याला 24 डिसेंबर 1992 ला तेव्हाचा अध्यक्ष थोरल्या बुशने, जो इराण-कॉन्ट्राच्या काळात रेगनचा उपाध्यक्ष होता, आणखी पाच जणांबरोबर माफी देऊन टाकली. खटला जानेवारीत उभा राहायचा होता. तो उभाच राहिला नाही, आणि कोर्टात उलटतपासणीत काय काय निघालं असतं ते कायमचं राहून गेलं.