धागा जिरण्याआधी

नाशिकच्या एका ताईंनी लिहून कळवलंय: मुलीच्या लग्नाआधी त्यांनी पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये ६५,००० रुपये भरून 'थ्रेड लिफ्ट', म्हणजे कातडीखाली धागे घालून सैल चेहरा वर ओढणं, करून घेतली. तीन आठवड्यांत उजव्या गालाला खळगा पडला, कानाजवळ धाग्याचं टोक बोटाला लागतं. क्लिनिकचं उत्तर: 'धागा आपोआप विरघळेल. आणि पैसे परत नाहीत, यावर तुमची सही आहे.' सही घाईत, न वाचता झालेली.

ताई, विरघळेल हे खरं. पीडीओ या विरघळणाऱ्या पदार्थाचा धागा साधारण सहा-आठ महिन्यांत अंगात जिरतो. पण त्याच्याबरोबर तुमचा पुरावाही जिरतो. त्यामुळे याच आठवड्यात दुसऱ्या प्लास्टिक सर्जनकडून, शक्यतो सरकारी रुग्णालयात, तपासून घ्या. खळगा कुठे, टोक कुठे, हे केसपेपरवर लिहून मागा. खिडकीच्या उजेडात समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. टोक स्वतः ओढू नका. हा वकिलीतला सल्ला नाही, तरी सांगतो.

क्लिनिकला लेखी अर्ज देऊन पोच घ्या: केसपेपर, संमतीपत्राची प्रत, धाग्याच्या पाकिटावरचा बॅच नंबर. रुग्णाने मागितलेले वैद्यकीय कागद ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तुम्ही लिहिता, 'मॅडमनी धागे घातले.' या मॅडम कोण? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत नाव शोधा. ब्युटिशियन निघाल्या, तर प्रकरणाचा रंगच बदलतो.

सहीची धास्ती नको. धोके आणि पर्याय समजावून न देता घेतलेली संमती खरी संमती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ सालीच सांगितलंय. मात्र मनासारखा चेहरा न दिसणं म्हणजे हलगर्जी नव्हे. खळगा चांगल्या हातूनही पडू शकतो. त्याची कल्पना दिली होती का आणि तक्रारीनंतर उपचार केले का, यावर तुमची केस उभी राहील. व्हॉट्सॲपवर 'पाच वर्षांची गॅरंटी' म्हणाले असतील, तर ते मेसेज मूळ फोनमध्येच ठेवा, नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त नको.

पोलीस ठाण्याची घाई करू नका. आधी पंधरा दिवसांची नोटीस, मग ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकलाच करता येते. मुदत दोन वर्षं, आणि क्लिनिकला भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला फी नाही.

मध्येच 'अर्धे पैसे घ्या, इथे सही करा' असा फोन आला, तर तो कागद आधी घरी आणून वाचा.