शास्त्रज्ञ आपलं संशोधन सोप्या भाषेत सांगायला कुठे शिकतात?

तुम्ही विचारलंय, शास्त्रज्ञांना हे कुणी शिकवतं का, की मुळातच जमावं लागतं? मी रेडिओ खगोलशास्त्रात पीएचडी केली. माझ्यापुरतं सांगते: मी हे खोडदला शिकले.

नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, साधारण 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं. शाळांची मुलं येतात, गावकरी येतात, आणि आम्ही विद्यार्थी पोस्टरपाशी उभे राहून दिवसभर बोलतो.

पहिल्या वर्षी मी तयारी करून गेले होते. ‘इलेक्ट्रोमॅग्नेटिक रेडिएशन’ला ‘विद्युतचुंबकीय प्रारण’ म्हणायचं, असं एकेका शब्दाचं. मराठीत बोलतेय म्हणजे सोपं बोलतेय, असं वाटायचं मला. पाच मिनिटांत मुलं शेजारच्या टेबलाकडे सरकली. मग मी “आम्ही ताऱ्यांचा आवाज ऐकतो” असं सांगू लागले. सातवी-आठवीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, वर हवाच नाही ना? मग आवाज कसा येतो?” बरोबर होतं तिचं. रेडिओ लहर म्हणजे आवाज नव्हेच. तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. सोपं करण्याच्या नादात मी चुकीचं सांगत होते, आणि ते मला फार लागलं.

त्याच दुपारी एक आजी अँटेनाकडे बघत म्हणाल्या, “एवढी महागाची वस्तू, अन् जाळीची? पत्रा का नाही ठोकला?” मी सांगितलं, पत्र्याला वारा रेटेल, जाळीतून तो निघून जातो. “मग तुमची ती लहर नाय जात निघून?” हायड्रोजनकडून येणारी लहर 21 सेंटीमीटरची. मी वीत पसरून दाखवली: लहर एवढी, आणि जाळीची भोकं बोटाच्या पेरापेक्षा लहान. आजी म्हणाल्या, “म्हंजी चाळणीवानी. पीठ गळतं, शेंगदाणे राहत्यात.”

वारा पीठ, लहर शेंगदाणे. तेव्हापासून मी हेच सांगते. शेंगदाणे चाळणीत पडून राहतात, लहर मात्र उसळून वरच्या रिसीव्हरकडे जाते, एवढं पुढे जोडावं लागतं.

रीतसर वाटाही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने 2008 मध्ये तीन मिनिटांत, एकाच स्लाइडवर प्रबंध सांगायची स्पर्धा सुरू केली. आता ती अनेक देशांत होते. आपल्याकडे केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2018 मध्ये संशोधकांकडून सोपे लेख लिहून घेणारी ‘अवसर’ योजना आणली. दोन्ही चांगल्याच, पण तिथे मधेच थांबवून “पत्रा का नाही?” असं विचारणारं कुणी नसतं. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर सहीनिशी येईल. आधी प्रश्न, मग सही. मला ती पद्धत फार आवडते.

म्हणून पोस्टरशेजारी मी आता एक कोरी वही ठेवते. गेल्या खेपेला पहिल्याच पानावर कुणीतरी लिहिलं होतं, “दिवसा तारे दिसत नाहीत, मग तुमची दुर्बीण दिवसा बंद असते का?” नाही, दिवसाही चालते. पुढचं पोस्टर याच प्रश्नापासून सुरू करणार आहे.