लस टोचूनही लाळ्या आली, मग स्ट्रेन बदलली का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार. मी शिरोळ तालुक्यातला, दुधाचा धंदा आहे, गोठ्यात एचएफ गाया, दोन म्हशी आणि लहान वासरं. लाळ्या खुरकूतची सरकारी लस दरवेळी टोचून घेतो, कानात बिल्ले पण आहेत. तरी ऊसतोडीच्या टोळ्या आल्या आणि थोड्याच दिवसांत दोन गायांच्या तोंडातून लाळेच्या तारा सुरू झाल्या, एक कालवड पाय उचलून धरतीय. गावात सगळे म्हणतायत की लसीतली स्ट्रेन जुनी झाली, बाहेरून दुसऱ्या कंपनीची आणा. खरंय का हे? मग सरकारी लस घ्यायचीच कशाला?

उत्तर : दादा, लस सोडायचा विचार आधी डोक्यातून काढा. स्ट्रेन बदलू शकते हे खरंय, पण तुमच्या गोठ्यात तेच झालंय असं नमुना तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही, मी पण नाही.

या विषाणूचे जगात सात प्रकार आहेत. आपल्या लसीत तीन असतात, ओ, ए आणि एशिया १. आधी सी पण होता, पण १९९५ नंतर तो भारतात सापडलाच नाही म्हणून २००३ मध्ये लसीतून काढला, आणि सॅटचे तिन्ही प्रकार मुख्यतः आफ्रिकेतले. एका प्रकाराची लस दुसऱ्या प्रकाराला अडवत नाही. पण एकाच प्रकाराच्या आत पण गट असतात आणि गावात ज्याला स्ट्रेन म्हणतायत ते हे. ऊस आणि ज्वारी हा फरक वेगळा, आणि उसातच ८६०३२ आणि २६५ या दोन जातींतला फरक वेगळा, तसं समजा. हा आरएनए विषाणू, स्वतःची नक्कल करताना चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही, त्यामुळे नवे गट निघतच राहतात. आपल्याकडे सगळ्यात जास्त साथी ओ च्या, आणि त्यातला इंड-२००१ नावाचा गट तर इथून निघून आखाती देश आणि उत्तर आफ्रिकेपर्यंत गेला.

आता लसीतला ओ चा विषाणू आहे आयएनडी आर२/१९७५, म्हणजे १९७५ सालचा. ऐकून तुम्ही म्हणाल एवढा जुना! पण वर्षावर जाऊ नका, जुळतो की नाही ते बघायचं. ते कसं बघतात सांगतो. लस दिलेल्या जनावराच्या रक्तातलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, घेतात, ते लसीतल्या विषाणूला किती जोरात अडवतं ते मोजतात, मग साथीतून आलेल्या विषाणूला किती ते मोजतात. लसीच्या विषाणूला १०० आणि गावातल्याला ४० आलं तर उत्तर ०.४. ०.३ किंवा जास्त आलं की लस जुळते, २० आलं तर ०.२, म्हणजे काळजीचं. भुवनेश्वरजवळ अरुगुलला आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, खुरकूतवरची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे देशभरातून नमुने येतात आणि हे काम सतत चालतं. आर२/१९७५ बहुतेक नमुन्यांशी अजून जुळतोय. ए जास्त चंचल, तिथे जुना विषाणू काढून आयएनडी ४०/२००० घ्यावा लागला. आणि कंपनी बदलून स्ट्रेन बदलत नाही बरं का, आपल्याकडे कंपन्या हेच विषाणू वापरतात. उगाच पैसे घालवू नका.

मग आजार आला कसा? माझा पहिला संशय थंडाव्यावर. लसीतले विषाणूचे कण उष्णतेने फुटतात, बाटली २ ते ८ डिग्रीतच हवी, आणि गोठवायची पण नाही. टोचायला आले की बर्फाचा डबा उघडून दाखवा म्हणा, तो तुमचा हक्कच आहे. दुसरं म्हणजे कालवडीचं. वासराला चौथ्या महिन्यात पहिला डोस, महिन्याने बूस्टर, मग दर सहा महिन्यांनी. तो बूस्टर फार लोक चुकवतात आणि मग पहिल्या डोसची ताकद लवकर उतरते. उलट ज्यांचे डोस नीट झालेत त्या जनावरात प्रतिकार इतका चढलेला असतो की थोडाफार वेगळा विषाणू पण अडतो. आणि टोळ्यांचे बैल कुठून कुठून येतात, त्यातल्या कितींना लस झालीय कुणाला माहीत, सगळे एकाच हौदावर पाणी पितात, एवढा विषाणू एकदम आला की चांगली लस पण कमी पडते.

आत्ता लगेच करायचं ते सांगतो. आज १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा दवाखान्यात जा आणि नमुना घ्या म्हणून आग्रह धरा. जिभेवरचा ताजा फुटलेला फोड असतो ना, त्याचा पापुद्रा लागतो, बफर ग्लिसरीनमध्ये घालून थंड पाठवतात. फोड ताजा असतानाच, दोन-तीन दिवसांत घ्यायला हवा, आणि तोपर्यंत त्या गायीचं तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुऊ नका. नमुना गेला की मग तोंड धुणं, फोडांना बोरोग्लिसरीन लावणं, खुरांची मलमपट्टी सगळं सुरू करा. आजारी जनावरांना आत्ता लस नको. बाकी गावात द्यायची तर बाहेरच्या वस्त्यांपासून आत येत द्यायची, आणि प्रत्येक जनावराला नवी सुई. आजारी गायांचं दूध शेवटी काढा आणि ते वासरांना अजिबात पाजू नका, लहान वासरात हा विषाणू हृदयावर जातो, सकाळी उड्या मारणारं वासरू संध्याकाळी गेलेलं असतं.