ऐतिहासिक, पौराणिक आणि मधला ‘ह’

विचारणा अशी आहे: ‘मी अधूनमधून सिनेमे बघणारा साधा प्रेक्षक. शिवरायांवरचा चित्रपट ऐतिहासिक, रामाचा पौराणिक, तुकोबांचा धार्मिक, असं छापलेलं असतं. हा फरक कशावर ठरतो? आणि मनाचे प्रसंग घुसडले तरी चित्रपट ऐतिहासिकच का?’

आधी माझी कुरकुर. गल्ला जरा बरा भरला की लगेच ‘ऐतिहासिक कमाई’! विक्रमी आहे, अभूतपूर्व आहे, भरघोस आहे. मग ऐतिहासिकलाच का राबवता? मोगलांशी लढाई दाखवणारा चित्रपट आपटला की ‘ऐतिहासिक चित्रपटाला ऐतिहासिक अपयश’ हेही वाचावं लागणार.

इतिहासावरून ऐतिहासिक, पुराणावरून पौराणिक, हे तुम्हालाही ठाऊक असणार. पण जुन्या परंपरेत रामायण-महाभारत ही पुराणं नव्हेतच, तो इतिहास. महाभारत स्वतःला इतिहासच म्हणवतं. छांदोग्य उपनिषदात नारद आपण काय काय शिकलो ते सनत्कुमाराला सांगतो, तेव्हा ‘इतिहासपुराण’ हा पाचवा वेद म्हणून मोजतो. वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या यास्काच्या ‘निरुक्त’ या ग्रंथात तर याहून मजा आहे. वेदांतला इंद्राचा शत्रू वृत्र म्हणजे कोण? नैरुक्त, म्हणजे शब्दांच्या व्युत्पत्तीवरून अर्थ लावणारे, म्हणतात, मेघ. ‘ऐतिहासिक’ म्हणतात, त्वष्ट्याचा मुलगा असुर. म्हणजे असुराची गोष्ट असुराचीच म्हणून सांगणारे ते ऐतिहासिक! आज नेमक्या त्याच गोष्टीच्या चित्रपटाला आपण पौराणिक म्हणतो. (‘पुराण’ची यास्काने दिलेली फोडही सुरेख आहे: पुरा नवं भवति. एके काळी नवं होतं, ते पुराण.)

आता माझा लाडका मुद्दा. ‘इतिहास’ची फोड इति-ह-आस: ‘इति’ म्हणजे असं, ‘आस’ म्हणजे होतं. याचा अर्थ ‘असे निश्चितपणे घडले’ असा सर्रास दिला जातो आणि त्यावर ‘म्हणजे आमचे पूर्वज पुराव्याशिवाय बोलत नसत’ अशी भाषणंही ठोकली जातात. मला हे साफ नामंजूर. ‘आस’ हे लिट् लकाराचं, म्हणजे संस्कृतातल्या एका भूतकाळाचं रूप, आणि पाणिनीचं सूत्र आहे ‘परोक्षे लिट्’: बोलणाऱ्याने जे स्वतः पाहिलेलं नाही, त्या भूतकाळासाठी लिट्. म्हणजे क्रियापदच सांगतंय की मी तिथे नव्हतो! राहिला ‘ह’. तो निश्चयाचा, असं म्हणणाऱ्यांनी ब्राह्मणग्रंथांतली, म्हणजे यज्ञविधी समजावणाऱ्या वैदिक ग्रंथांतली, कुठलीही कथा उघडावी. वाक्यावाक्याला ‘ह’ येतो. गोष्ट सांगताना वाक्यावाक्याला कोणी शपथ घेतं का? मराठीत त्या जागी ‘म्हणे’ ठेवून बघा, चपखल बसतो. माझ्या मते इतिहास म्हणजे ‘असं होतं म्हणे’. संस्कृतचे पंडित यावर नाक मुरडतील. मुरडोत, पण आधी लिट् का आलाय ते सांगा.

पुरावा हवाय? ऐतरेय ब्राह्मणातली शुनःशेपाची कथा अशी सुरू होते: ‘हरिश्चन्द्रो ह वैधस ऐक्ष्वाको राजापुत्र आस’. वेधसाचा मुलगा, इक्ष्वाकुवंशी राजा हरिश्चंद्र निपुत्रिक होता म्हणे. ‘ह’ही आहे, ‘आस’ही आहे! आणि दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला तो याच राजावर, अर्थात पुराणांतल्या सत्यवचनी हरिश्चंद्रावर. त्याला आपण डोळे मिटून पहिला पौराणिक चित्रपट म्हणतो. मी त्याला शब्दशः ऐतिहासिक म्हणेन, आणि हो, इथे ‘ऐतिहासिक यश’ही खपवून घेईन.

तुमचा प्रश्न राहिलाच. व्यवहारात यास्क चालणार नाही. ज्या काळाची कागदपत्रं, नाणी, शिलालेख हाती आहेत, त्या काळातली माणसं पडद्यावर असली की चित्रपट ऐतिहासिक. मग संवाद पदरचे असोत नाहीतर नायिका. ‘ऐतिहासिक’ ही प्रकाराची पाटी आहे, खरेपणाचा दाखला नव्हे. तुकोबांचं मात्र त्रांगडं आहे. माणूस सतराव्या शतकातला, देहूचा, अस्सल ऐतिहासिक. पण ‘प्रभात’च्या १९३६ च्या चित्रपटात त्यांना सदेह वैकुंठाला नेलेलं आहे. अशांसाठी मराठीत ‘संतपट’ हा नेटका शब्द आहे, तो वापरा. ‘धार्मिक’ ही पाटी व्रतकथांच्या चित्रपटांना राहू द्या.