जीफोर्स 210 विंडोज 10 वर चालेल का?

चालेल, हे एनव्हिडिया कंपनीचं जुनं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) आहे. विंडोज 10 टाकल्यापासून स्क्रीन 1024×768 वर अडकली आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे कार्ड मेलेलं नाही, विंडोजने त्याला 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर' समजून कामचलाऊ ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) दिलाय.

एनव्हिडियाच्या साइटवरून 342.01 हाच ड्रायव्हर घ्या. डिसेंबर 2016 चा, या पिढीचा शेवटचा. त्याच्या पुढचे आकडे दिसले तरी भुलू नका, त्यांत तुमचं कार्डच नाही. आधी सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतं चालू होतं तो मोड) डीडीयूने, म्हणजे 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' या टूलने, जुन्या ड्रायव्हरचे अवशेष पुसा आणि इन्स्टॉल होईपर्यंत नेट बंद ठेवा, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच आपला ड्रायव्हर घुसवतं.

एक आपल्याकडची गोष्ट. पावसाळ्यात गोव्याची दमट हवा कार्डाच्या सोनेरी दातांवर (मदरबोर्डच्या खाचेत बसणाऱ्या पट्ट्यांवर) काळपट थर चढवते. फोंड्याला माझ्या मावशीच्या पीसीत दोन दिवस ड्रायव्हर बदलत बसलो होतो. शेवटी वीज काढून कार्ड उपसलं, दात साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासले, चुरा ब्रशने झाडला, आणि पहिल्याच फटक्यात चित्र आलं. तुम्हीही ते आधी करा.

विंडोज 11 चा हट्ट मात्र नको. त्याला डायरेक्टएक्स 12 (विंडोजची ग्राफिक्सची प्रणाली) चालवणारं कार्ड लागतं, हे कार्ड 10.1 वर थांबतं. विंडोज 10 चा नेहमीचा आधारही (सुरक्षा अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे बँकेची कामं असतील तर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकेन. त्यात या कार्डाचा नूव्हो नावाचा ड्रायव्हर आपसूक येतो, वेगळं काही शोधावं लागत नाही.