पात्यावरचा ‘श्री ३’ वाचा, मग किंमत करा

दसरा जवळ आला, खंडेनवमीला घरातली शस्त्रं बाहेर निघाली, की खुकुरीबद्दलची, म्हणजे गोरख्यांच्या त्या वाकड्या पात्याच्या नेपाळी कुकरीबद्दलची, पत्रं वाढतात. यंदाच्या पत्रांतली पाच इथे घेतो.

काठमांडूला ठमेलमधल्या एका दुकानात ‘२०० वर्षांपूर्वीची, लढाईत वापरलेली’ म्हणून खुकुरी घेतली. खरी आहे का, हे घरी कसं ओळखू? (पुणे)

आधी पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ काही कोरलंय का ते बघा. या बाबतीत आपण मराठी माणसं नशीबवान आहोत. युरोपातल्या संग्राहकाला जे दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं, ते आपल्याला सरळ वाचता येतं. नेपाळी सरकारी शस्त्रांवरची अक्षरं देवनागरीच असतात : पलटणीचं नाव, क्रमांक, कधी संवत. ‘श्री ५’ म्हणजे राजा आणि ‘श्री ३’ म्हणजे राणा पंतप्रधान. ‘श्री ३ चन्द्र’ असं दिसलं तर ते चंद्र शमशेर, म्हणजे १९०१ ते १९२९ हा काळ. साल विक्रम संवतात असतं, त्यातून ५७ वजा करा. १९७४ असेल तर साधारण १९१७. घाईने १९७४ हेच इसवी साल समजून चांगली वस्तू कवडीमोलाने विकलेली मी पाहिली आहे. एक मात्र सांभाळा. जुन्या नेपाळी वळणाचे ५, ८ आणि ९ आपल्यापेक्षा वेगळे दिसतात, तेव्हा भिंग घेऊन सावकाश वाचा.

मग अक्षरांच्या खाचेत बघा. छिन्नीने ठोकलेल्या जुन्या अक्षरात पात्यावर आहे तोच गंज तळापर्यंत उतरलेला असतो. पातं काळंकुट्ट आणि खाच आतून चकचकीत, तर अक्षरं मागाहून घातलेली. आम्लात बुडवून ‘जुनं’ केलेलं पातं सगळीकडे सारखंच करडं दिसतं. खरं वय असं सारखं पसरत नाही. बोटं लागतात तिथे एक रंग, म्यानाच्या तोंडाशी दुसरा. वारंवार धार लावून पोटाकडे पातं थोडं झिजलेलंही असतं.

मूठही बोलते. जुनी मूठ बारीक असते, पात्याचं शेपूट तिच्या आत लाहाने, म्हणजे लाखेसारख्या लुकणाने बसवलेलं असतं. मुठीच्या टोकाला पितळी सिंहाचं तोंड आणि पात्यावर ‘इंडिया’ असेल तर ती विसाव्या शतकात पर्यटकांसाठी केलेली वस्तू आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. नेपाळच्या १९५६च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. दुकानदाराने तो कागद दिला नसेल, तर एक तर वय खोटं किंवा व्यवहार. मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते. खरोखर जुनी खुकुरी घ्यायची, तर कागदासकट घ्या. शिवाय नुसत्या वयाला फार भाव नसतो. २००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी उचलला, तेव्हापासून शंभरी ओलांडलेल्या सरकारी खुकुऱ्या बाजारात भरपूर आहेत.

आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. तिथे एका गोरखा मित्राने दिलेली खुकुरी घरात आहे. पात्यावर बाणाचं चिन्ह आणि १९४४ आहे. पॉलिश करून घेऊ का? (सातारा)

नको, हात जोडून सांगतो. तो बाण म्हणजे सरकारी मालाची खूण आणि १९४४ हे इसवी सालच, इथे काही वजा करायचं नाही. इटलीत मराठा आणि गोरखा दोन्ही पलटणी होत्या, त्यामुळे घरातली आठवण इतिहासाशी जुळते. बफच्या चाकावर पाच मिनिटं धरलं की बाण, साल, कारखान्याची खूण सगळं पुसट होतं आणि ते परत येत नाही. लाल गंज असेल तेवढाच तेल लावून, जुन्या सुती फडक्याने घासून काढा. काळपट थर राहू द्या, तो पात्याला सांभाळतो. आजोबांनी त्या मित्राबद्दल जे सांगितलं असेल ते आजच वहीत लिहून म्यानाबरोबर ठेवा.

नेपाळमधून माझ्या मापाची खुकुरी बनवून घ्यायची आहे. काय सांगू? (ठाणे)

पहिल्यांदा मागवणारे सगळे ‘जाड आणि जड’ मागतात आणि दहा मिनिटांत मनगट दुखलं की खुंटीला टांगतात. पातं १० ते ११ इंच पुरे. जाडी मुठीपाशी हवी, टोकाकडे ती निमुळती झाली पाहिजे, हे स्पष्ट सांगा. नाहीतर पाठ शेवटपर्यंत एकाच जाडीची येते आणि हातात कुऱ्हाड धरल्यासारखं वाटतं.

घाट निवडा. सिरुपाते म्हणजे सिरू गवताच्या पात्यासारखी सडपातळ. भोजपुरे पूर्व नेपाळातल्या भोजपूरची, पोटाला रुंद, रोजच्या कामाची. मूठ म्हशीच्या शिंगाची दिसते देखणी, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तडकते. वापरायची असेल तर शिसवी घ्या. तळहाताची रुंदी मोजून कळवा.

पोलाद बहुधा ट्रकच्या कमानपाट्याचं असतं आणि ते चांगलंच असतं. खरं कौशल्य पाणी देण्यात आहे. कामी, म्हणजे तिथला लोहार, लालभडक पात्याच्या धारेवरच किटलीने पाण्याची धार सोडतो. धार कडक होते, पाठ मऊ राहते, म्हणून घाव बसला तरी पातं मोडत नाही. घरी आल्यावर कानस फिरवून बघा : पोटाच्या धारेवर ती घसरली पाहिजे, पाठीवर चावली पाहिजे. दोन्हीकडे चावली तर परत पाठवा.

पावसाळ्यात पात्यावर ठिपके येतात. काय करू? आणि खुकुरी घरात ठेवायला कायद्याची काही अडचण आहे का? (रत्नागिरी)

म्यानाबाहेर ठेवा. चामडं ओल धरतं. मोहरीचं तेल चिकट होऊन बसतं, त्यापेक्षा शिलाई मशीनचं तेल बरं. शिंगाच्या मुठीला भोकं दिसली तर किडा आहे, ती खुकुरी बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा.

उपसताना म्यान धारेच्या बाजूने मुठीत धरू नका. जुन्या म्यानाची शिवण आतून कापलेली असते. माझ्या डाव्या अंगठ्याच्या बेचक्यात सात टाके पडले ते असेच. बोटं म्यानाच्या पाठीकडे आणि दोन्ही बाजूंना ठेवा, धारेवर एकही नको.

कायद्याचंही तुम्ही विचारलंत. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे आणि बहुतेक खुकुऱ्या त्यात बसतात. संग्रह करण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. जमावबंदीच्या काळात तर घराबाहेर नेऊच नका.

रक्त लागल्याशिवाय खुकुरी म्यानात घालत नाहीत, हे खरं का? मुठीजवळची खाच त्यासाठीच का? (नागपूर)

नाही. नेपाळी घरात खुकुरीने रोज सरपण फोडतात, भाजी चिरतात, दशैंला, म्हणजे तिथल्या दसऱ्याला, बकरा कापतात. प्रत्येक वेळी बोट कापून घेतलं असतं तर कुणाला बोटं उरली नसती. खाचेला कौडी म्हणतात. कुणी तिला त्रिशूळ मानतो, कुणी गाईचं खूर, कुणी म्हणतो रक्त मुठीवर येऊ नये म्हणून.

म्यानामागे दोन छोटी पाती असतात, ती मात्र नीट बघा. धारदार असतो तो कर्द, बारीकसारीक कामाला. बोथट तो चकमक, धार सरळ करायला आणि गारगोटीवर ठिणगी पाडायला. काही जुन्या म्यानांना झुलो, म्हणजे ठिणगी धरणारा कापूस, ठेवायला तिसरा खिसाही असतो. हे तिन्ही जागेवर असतील तर ते म्यान जपा. पातं पुन्हा घडवता येतं, पण हे तुकडे एकदा हरवले की जुळवून मिळत नाहीत.