टेराफ्लॉप्सचा रकाना तूर्तास झाकून ठेवा

एक्सबॉक्स घ्यावा की पीएस५ (प्लेस्टेशन ५), हे ठरवायला या गेम कन्सोलच्या तुलनेचा तुमचा तक्ता मेहनतीने केलेला आहे, पण सुरुवात चुकीच्या रकान्यापासून झाली. एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉप्स, पीएस५ १०.२८, म्हणून एक्सबॉक्स सरस, ही नवख्यांची नेहमीची चूक. हा आकडा म्हणजे ग्राफिक्स चिप सेकंदाला किती लाख कोटी गणितं करू शकते, त्याची कागदावरची कमाल. सिरीज एक्समध्ये ५२ कॉम्प्युट युनिट (चिपमधले गणितं करणारे गट) १.८२५ गिगाहर्ट्झवर चालतात, पीएस५मध्ये ३६च, पण २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत. प्रत्यक्ष खेळताना फरक बऱ्याचदा डोळ्यांना जाणवतही नाही. वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना तर या आकड्यावर करूच नका.

आधी एवढंच बघा:

- टीव्ही. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर सेकंदाला १२० फ्रेम (चित्रं) दिसणार नाहीत.
- साठवण. पहिल्या पीएस५मध्ये ८२५ जीबी, पण गेमसाठी उरतात साधारण ६६७. वाढवायला बाजारातली वेगवान एम.२ एसएसडी (आत बसवायची छोटी साठवण पट्टी) चालते. सिरीज एक्सला त्यासाठी खास कार्ड घ्यावं लागतं.
- डिस्क ड्राइव्ह. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि नवीन माणूस हेच विसरतो. एक्सबॉक्सच्या धाकट्या मॉडेलमध्ये, सिरीज एसमध्ये, ती नाही, म्हणजे सेकंडहँड डिस्क घेणं-विकणं बंद.

मेमरी बँडविड्थ (मेमरीतून माहिती ये-जा करण्याचा वेग), रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याचं तंत्र) नंतर बघू. टीव्हीचं मॉडेल आणि तुमचे मित्र कशावर खेळतात ते सांगा, मग नक्की ठरवता येईल.